हरणाऱ्याची रात्र

‘त्यानं माझी आई मारली, त्यानं माझा बाप मारला, तरी मी मत त्यालाच देणार.’ १९९७ च्या जुलैमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या रस्त्यांवर तरुण पोरं ही घोषणा नाचत-गात देत होती. तो म्हणजे चार्ल्स टेलर. १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मूठभर बंदूकधारी घेऊन टेलर आयव्हरी कोस्टच्या बाजूनं देशात घुसला आणि यादवी पेटली. सात वर्षांनी तह झाला, निवडणूक ठरली आणि हाच माणूस राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून लोकांसमोर उभा राहिला. लोकांनी लांबच लांब रांगा लावल्या आणि ७५ टक्के मतं त्याच्या पदरात टाकली. दुसऱ्या क्रमांकावर एलेन जॉन्सन सरलीफ होत्या. त्यांना दहा टक्केसुद्धा मिळाली नाहीत.

घोषणा वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या बिचाऱ्या मतदारांचा हिशेब चोख होता. टेलर हरला तर पुन्हा जंगलात जाणार आणि पुन्हा गावं जाळणार. जिंकला, तर निदान थांबेल. त्याच्या हातात स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, पैसा होता आणि त्याच्या टोळ्यांचे सेनापती कुठे गेलेले नव्हते. काही हजार बंदुका जमा झाल्या होत्या, पण टोळ्या मोडल्या नव्हत्या. अशा वेळी मतदान केंद्रावर उभं राहून लोक राष्ट्राध्यक्ष निवडत नव्हते, आपला जीव वाचवत होते.

संयुक्त राष्ट्रं आणि पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना इकोवास यांनी निवडणूक मुक्त आणि न्याय्य वातावरणात झाल्याचा दाखला दिला. दाखला तसा खोटा नव्हता. मतपेट्या फोडल्या गेल्या नाहीत, आकडे फिरवले गेले नाहीत. १९ जुलैला मतदान झालं आणि संयुक्त राष्ट्रांचं निरीक्षक पथक सप्टेंबरअखेर गाशा गुंडाळून निघून गेलं. दोन वर्षांच्या आत लढाई पुन्हा सुरू झाली.

युद्धातून उठलेल्या देशांना जगानं कशी मदत करावी, यावर मी बरंच वाचत असते, आणि प्रत्येक वेळी या १९९७ च्या निवडणुकीशी येऊन अडखळते. कागदावर सगळं नीट होतं. यादी होती, शाई होती, निरीक्षक होते, मोजणी झाली. बाहेरच्या जगाला मात्र एक तारीख हवी होती, जिच्यानंतर ‘झालं एकदाचं’ म्हणता येईल. निवडणुकीला ती तारीख बनवलं की घात होतो, असं माझं ठाम मत आहे. जिंकणारा शपथ घेतो त्या दिवसापेक्षा हरणारा घरी जातो ती रात्र महत्त्वाची. तो घरी जाऊन काय करतो? फोन कुणाला लावतो? त्याच्या पोरांच्या हातात त्या रात्री काय असतं? मदतीचा कस मी या प्रश्नांवर लावते.

दुसऱ्या वेळी, म्हणजे २००३ साली हे पुन्हा पेटलेलं युद्ध थांबवताना, जग वेगळं वागलं. पण त्याआधी तिथल्या बायकांनी काय केलं ते सांगायला हवं, कारण मदत येण्यासाठी आधी तह व्हावा लागला, आणि तो त्यांनी घडवून आणला.

त्या वर्षी राजधानी मनरोव्हियाच्या मासळी बाजाराशेजारच्या मैदानात बायका रोज येऊन बसू लागल्या. पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं. ख्रिस्ती बायका आणि मुसलमान बायका एकत्र. त्यांच्या पुढे लेमा बोवी नावाची तिशीतली समाजसेविका होती. उन्हात बसल्या, पावसात बसल्या. टेलरचा ताफा त्या रस्त्यानं जायचा, त्याला त्या दिसत राहिल्या. शेवटी त्यानं त्यांना भेटीला बोलावलं, आणि घानामध्ये बोलणी सुरू झाली तेव्हा यांच्यातल्या काही जणी तिथेही जाऊन पोहोचल्या.

बोलणी रेंगाळली. टोळ्यांचे प्रतिनिधी हॉटेलात राहत होते, चांगलं खात-पीत होते आणि कुठलं खातं कुणाला यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस करत होते. इकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत एक दिवस या बायका सभागृहाच्या दाराशी गेल्या, हातात हात गुंफून जमिनीवर बसल्या आणि त्यांनी वाट अडवली. तह केल्याशिवाय एकालाही बाहेर सोडणार नाही! सुरक्षारक्षक अटक करायला आले तेव्हा बोवींनी अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईनं आपणहून निर्वस्त्र होणं हा त्या समाजात पुरुषाला लागणारा भयंकर शाप आहे. रक्षक मागे सरले. मध्यस्थी करणारे नायजेरियाचे माजी सत्ताधीश जनरल अब्दुलसलामी अबुबकर बाहेर आले, त्यांनी बायकांचं ऐकून घेतलं आणि आतल्या लोकांना खडसावलं. ऑगस्टच्या ११ तारखेला टेलर देश सोडून नायजेरियाला गेला. १८ ऑगस्टला घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, करारावर सह्या झाल्या.

त्या करारातलं एक कलम मला फार आवडतं. हंगामी सरकारचे प्रमुख, उपप्रमुख आणि मंत्री यांपैकी कुणालाही २००५ ची निवडणूक लढवता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. ज्यांच्या हाती मधल्या काळात खजिना आणि पोलीस असणार, त्यांना मैदानाबाहेर काढलं. एवढी साधी गोष्ट, पण ती नसती तर पुढचं सगळं मुसळ केरात गेलं असतं. बाकी करारात टोळ्यांना मंत्रिपदं आणि सरकारी महामंडळं चक्क वाटून दिली होती, आणि त्याची फळं देशानं पुढची दोन वर्षं भोगली.

सप्टेंबर २००३ मध्ये सुरक्षा परिषदेनं १५०९ क्रमांकाचा ठराव करून १५,००० सैनिकांची शांतिसेना मंजूर केली. अन्मिल हे तिचं आखूड नाव. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास असलेल्या देशासाठी हा आकडा मोठा होता.

पहिलं काम बंदुका काढून घेण्याचं. ते पहिल्याच झटक्यात फसलं, आणि कसं फसलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ७ डिसेंबर २००३ ला मनरोव्हियाजवळच्या शीफेलिन छावणीत टेलरच्या बाजूनं लढलेल्यांची शस्त्रं गोळा करायला सुरुवात झाली. बंदूक द्यायची, नाव नोंदवायचं, छावणीत राहायचं आणि पुढे दोन हप्त्यांत तीनशे डॉलर घ्यायचे, अशी योजना. अधिकाऱ्यांची तयारी सुमारे हजार माणसांची होती. आले कैक पटींनी जास्त. पैसे आजच्या आज मिळणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मिळत नाहीत म्हटल्यावर ज्या बंदुका जमा करायला आणल्या होत्या त्याच चालल्या. रस्ते अडवले गेले, लूट झाली, माणसं मेली. शेवटी तातडीनं पंच्याहत्तर डॉलर हातावर ठेवायचं ठरलं, आणि काही दिवसांनी मोहीमच थांबवावी लागली.

ती पुन्हा सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये. मधल्या काळात सैनिक देशभर पोहोचले होते, छावण्या बांधल्या गेल्या होत्या आणि रेडिओवरून नियम पुन्हा पुन्हा समजावून सांगितले गेले होते. नियम असे की बंदूक आणा, नाहीतर १५० काडतुसं तरी आणा. बायका आणि मुलं यांना शस्त्राची अट नव्हती, कारण टोळ्यांनी त्यांना स्वयंपाकाला, ओझी वाहायला आणि त्याहून वाईट कामांसाठी पळवून नेलेलं होतं. मोहीम संपली तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांची नोंद झाली होती आणि शस्त्रं जमा झाली होती सुमारे २८,०००. चार जणांमागे एक बंदूक! सेनापतींनी काडतुसं वाटून आपल्या नात्यागोत्यातल्यांना पैसे मिळवून दिले, अशी टीका झाली, आणि ती बऱ्याच अंशी खरी असावी. तरी मला ही मोहीम यशस्वी वाटते. ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. टोळी मोडायची तर टोळीच्या म्होरक्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी त्या पोराला चार पैसे मिळायला लागतात. बंदुका सगळ्या आल्या नाहीत, पण हाक मारल्यावर धावत येणारी माणसं पांगली, आणि पुढे निवडणुकीच्या दिवशी तेच कामी आलं.

११ ऑक्टोबर २००५ ला मतदान झालं. राष्ट्राध्यक्षपदाला बावीस उमेदवार. वाचता न येणारे मतदार खूप, म्हणून मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो आणि पक्षांच्या खुणा. पावसाळ्यात तिथल्या आतल्या भागातले रस्ते म्हणजे लाल चिखलाचे ओढे. मतपेट्या हेलिकॉप्टरनं गेल्या, होडीतून गेल्या, माणसांच्या डोक्यावरून गेल्या. निवडणूक आयोगाच्या अध्यक्ष फ्रान्सिस जॉन्सन-मॉरिस लायबेरियाच्याच होत्या. परदेशी तज्ज्ञ त्यांच्या हाताखाली-शेजारी बसून काम करत होते, आणि ही मांडणी मला महत्त्वाची वाटते. नावनोंदणीच्या वेळी बायका कमी येताहेत हे दिसल्यावर मासळी बाजारातल्या त्याच बायका गावोगाव, बाजारोबाजार हिंडल्या. ‘मी तुझा गाळा सांभाळते, तू नाव घालून ये’ असं म्हणत त्यांनी एकेकीला पाठवलं. अखेरीस साडेतेरा लाख मतदारांत जवळपास निम्म्या बायका होत्या.

पहिल्या फेरीत २८ टक्के मतं घेऊन जॉर्ज विया पुढे होता. जागतिक कीर्तीचा फुटबॉलपटू, १९९५ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, मनरोव्हियाच्या झोपडपट्टीत वाढलेला. बंदुका टाकलेल्या पोरांचा तो देव होता. सरलीफ वीस टक्क्यांच्या आत-बाहेर. ८ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत चित्र उलटलं आणि सरलीफ ५९ टक्के मतं घेऊन जिंकल्या. आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

आणि हरणारा? वियानं फसवणूक झाल्याचा आरोप केला. त्याचे समर्थक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, शांतिसेनेनं अश्रुधूर सोडला. दोन वर्षांपूर्वी याच वयाच्या पोरांच्या हातात रॉकेट होते, या वेळी दगड होते. तक्रार आयोगाकडे गेली, सुनावणी झाली, फेटाळली गेली. डिसेंबरात वियानं माघार घेतली. तेव्हा रस्त्यावर १५,००० सैनिक उभे होते, हे विसरता येत नाही. हरणाऱ्याला घरी पाठवायला त्या वर्षी एवढं बळ लागलं.

लायबेरिया माझ्या वाचनात आला तो या नंतर. २००७ च्या जानेवारीत केंद्रीय राखीव पोलीस दलाची शंभरावर महिलांची तुकडी मनरोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातली ही पहिली संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी, पहिल्या प्रमुख सीमा धुंडिया. निळी टोपी, खांद्याला बंदूक, रांगेत उभ्या बायका, असा फोटो पाहिला आणि या देशाबद्दल मिळेल ते वाचायची सवय लागली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा आणि शहरातली रात्रीची गस्त ही त्यांची कामं. युद्धात ज्या देशात बलात्कार हे शस्त्र होतं, त्या देशातल्या मुलींनी रात्रीच्या रस्त्यावर बंदूकधारी बाई पाहिली आणि तिच्यापासून पळावंसं त्यांना वाटलं नाही. एकामागून एक तुकड्या येत राहिल्या. २०१६ मध्ये शेवटची परतली. त्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. त्याचं सगळं श्रेय या तुकड्यांना देणं बरोबर नाही, पण सरलीफ यांनी निरोपाच्या वेळी त्यांचे जे आभार मानले ते मनापासूनचे होते असं मला वाटतं.

याच शांतिसेनेतल्या काही पुरुषांनी अन्नाच्या, पैशाच्या बदल्यात तिथल्या मुलींचं शोषण केलं, हेही संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशांमध्ये नोंदलेलं आहे. रक्षण करायला आलेल्यानं असं वागावं, याची चीड येते. गुन्हेगाराला शिक्षा करायची जबाबदारी त्याच्या मायदेशावर, आणि मायदेश बहुतेकदा गप्प. ज्या मदतीची मी एवढी बाजू घेते आहे तिच्यातली ही सर्वांत मोठी कीड आहे आणि ती अजून मुळापासून निघालेली नाही.

पैशाच्या बाबतीतही एक अवघड प्रयोग झाला. हंगामी सरकारनं तिजोरी इतकी धुतली की २००५ मध्ये देणगीदार देशांनी अट घातली: बंदर, विमानतळ, मध्यवर्ती बँक अशा ठिकाणी परदेशी तज्ज्ञ बसेल आणि त्याच्या सहीशिवाय पैसा हलणार नाही. स्वतंत्र देशाच्या तिजोरीवर परक्याची सही! मला हे मनापासून खुपतं. तरीही त्या वर्षी दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि काही वर्षांनी त्या सह्या काढून घेतल्या गेल्या, हे त्यातलं बरं.

२०११ च्या निवडणुकीबद्दल थोडक्यात. मतदानाच्या चार दिवस आधी सरलीफ आणि बोवी यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. विया या वेळी उपाध्यक्षपदाचा उमेदवार होता. त्याच्या पक्षानं दुसऱ्या फेरीवर बहिष्कार घातला, आदल्या दिवशी मोर्चावर पोलिसांनी गोळी झाडली, मतदान निम्म्याहून खाली गेलं आणि सरलीफ ९० टक्के मतांनी जिंकल्या. अशा विजयात कुणाला आनंद वाटला असेल? पण युद्ध पेटलं नाही.

मग २०१४ मध्ये इबोला आला आणि ४,८०० च्या वर माणसं घेऊन गेला. सिनेटची निवडणूक पुढे ढकलावी लागली, ती डिसेंबरात झाली. २०१७ मध्ये पहिल्या फेरीनंतर तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं गैरप्रकारांची तक्रार केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं दुसरी फेरी थांबवली. कागदपत्रं तपासली, युक्तिवाद ऐकले, महिन्याभरानं परवानगी दिली. सगळे पक्ष थांबले. सुरक्षेची जबाबदारी तेव्हा लायबेरियाच्या पोलिसांकडे आलेली होती, शांतिसेना नावापुरती उरली होती. २६ डिसेंबरला मतदान झालं आणि विया राष्ट्राध्यक्ष झाला. एका निवडून आलेल्या अध्यक्षानं दुसऱ्या निवडून आलेल्या अध्यक्षाकडे सत्ता सोपवण्याची तिथली ही सत्तरहून अधिक वर्षांतली पहिली वेळ. ३० मार्च २०१८ ला अन्मिलचं काम बंद झालं. १९९७ मध्ये जग मतदानानंतर अडीच महिन्यांत निघून गेलं होतं. या वेळी ते पहिल्या निवडणुकीनंतर बारा वर्षांहून जास्त काळ राहिलं. खर्च सुमारे साडेसात अब्ज डॉलर, आणि दोनशेहून अधिक शांतिसैनिकांचे प्राण.

मग आली २०२३ ची निवडणूक. ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत विया ४३.८३ टक्के, विरोधी उमेदवार जोसेफ बोआकाई ४३.४४ टक्के. प्रचारात लोफा काउंटीतल्या फोया इथे मारामारी होऊन माणसं दगावली होती, त्यामुळे धाकधूक होती. परदेशी शांतिसैनिक एकही नव्हता. १४ नोव्हेंबरला दुसरी फेरी झाली, मोजणी जवळजवळ संपत आली तेव्हा बोआकाई अठ्ठावीस हजारांच्या आसपास मतांनी पुढे होते. गादीवर बसलेला अध्यक्ष, हाताशी पोलीस आणि सैन्य, आणि एवढासा फरक. भांडायचंच असतं तर अशाच फरकावर भांडतात. १७ तारखेच्या रात्री वियानं बोआकाईंना फोन करून अभिनंदन केलं आणि रेडिओवरून देशाला सांगितलं की आमचा पक्ष हरला, पण लायबेरिया जिंकला.

२००५ चा विया, २०११ चा विया आणि २०२३ चा विया. माणूस तोच. मधल्या अठरा वर्षांत आयोगाची सुनावणी झाली, न्यायालयाचा निकाल झाला, स्वतः जिंकून पाहिलं, आणि हरल्यावर मारलं जात नाही, तुरुंगात जावं लागत नाही, सहा वर्षांनी पुन्हा उभं राहता येतं, एवढी खात्री पटली. बाहेरच्या मदतीनं या खात्रीसाठी वेळ मिळवून दिला. तो वेळ वापरला मात्र तिथल्याच माणसांनी.

एक देणं मात्र तसंच राहिलं आहे. टेलरला हेगमध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली, पण ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात झालेल्या अत्याचारांबद्दल स्वित्झर्लंडमध्ये, फ्रान्समध्ये खटले झाले, शिक्षा झाल्या. लायबेरियाच्या न्यायालयात एकही नाही. सत्यशोधन आयोगानं २००९ मध्ये खटल्यांची शिफारस केली होती. त्याच आयोगानं सरलीफ यांनाही, टेलरला सुरुवातीला दिलेल्या मदतीमुळे, तीस वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवा असं सुचवलं होतं, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानं ती शिफारस घटनाबाह्य ठरवली. प्रिन्स जॉन्सन या टोळीप्रमुखानं १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो यांचे हाल कॅमेऱ्यासमोर केले होते. हा माणूस २००६ पासून २०२४ मध्ये मरेपर्यंत सिनेटर होता. २०१७ मध्ये त्यानं वियाला पाठिंबा दिला, २०२३ मध्ये बोआकाईंना. दोघांनीही तो घेतला.

शांतता टिकावी म्हणून त्या वेळी हे पोटात घातलं गेलं, ते मी समजू शकते. पण किती काळ? मे २०२४ मध्ये बोआकाईंनी युद्धगुन्हे आणि आर्थिक गुन्ह्यांसाठीच्या न्यायालयाची तयारी करणारं कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर सही केली. न्यायाधीश, तपास अधिकारी, साक्षीदारांना संरक्षण, जुनी कागदपत्रं, सगळ्याला पैसा लागणार आणि तेवढा लायबेरियाच्या अंदाजपत्रकात नाही. नेमक्या याच वेळी, २०२५ मध्ये, अमेरिकेनं आपली परदेशी मदत कापली. लायबेरियाइतका तिच्यावर विसंबलेला देश शोधून सापडणार नाही. पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक २०२९ मध्ये आहे. तिच्यासाठी निरीक्षक येतील, त्यांची मला काळजी नाही. पैसा आत्ता हवा आहे, या न्यायालयासाठी, कारण १९९० मध्ये वीस वर्षांच्या असलेल्या साक्षीदार बायका आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत आणि ज्यांच्याविरुद्ध त्यांना बोलायचं आहे तेही एकेक करून मरताहेत.